वीतभर

युनियन सिटीत, भरतकामाच्या कारखान्याच्या माथ्यावर
आमचा स्टुडिओ होता. दिवसा खालची यंत्रं धडधडत,
म्हणून आम्ही रात्री रेकॉर्ड करायचो.
तरी पहिल्या गाण्यात, कान देऊन ऐकलंत तर,
उशिरापर्यंत थांबलेली एक सुई
कुणाच्या तरी लग्नाच्या लेसवर टाके घालतेय.

मी एकोणीस वर्षांचा. काम म्हणजे टेप लावणे, टेप काढणे, कॉफी,
आणि कोंगांची कातडी हीटरपाशी धरून
त्यांच्यातला फेब्रुवारी बाहेर काढणे.

नेरेइदा बातिस्ता इलेक्ट्रिक पियानोवर.
बूट काढून बसायची. पेडलवर लोकरीचा मोजा, अंगठ्याला भोक.
बासवर लिसान्द्रो, तिचा नवरा, त्या महिन्यापुरता तरी.
ड्रम्सवर नेवार्कचा थॅडियस,
चर्चमध्ये शिकलेला, चर्चवरच रुसलेला.
आणि एवारिस्तो. साठीला टेकलेला, मातान्सासचा,
दिवसा रंगशाळेत पिंपं ढवळायचा,
म्हणून नखांत कधी जांभळा, कधी मोरपंखी.
मुखपृष्ठावरच्या फोटोत तो नाही.
फोटोच्या वेळी त्याची पाळी होती.

पोरांना तेव्हा सगळंच हवं होतं,
सिंथेसायझर, अवघड मात्रा,
मोठ्या मासिकातली दोन ओळींची स्तुती.
एवारिस्तोला फक्त क्लावे हवा होता.
दोन दांडकी, तीन ठोके आणि दोन.
"हे घर आहे," तो म्हणायचा. "भिंती हव्या तशा रंगवा.
पण दाराच्या जागी खिडकी बसवलीत
तर मी आत कसा येऊ?"

तिसऱ्या गाण्यावर भांडण पेटलं. नावही नव्हतं त्याला अजून.
रात्री दोनला सगळे दार आपटून गेले.
मला सांगितलेलं, पहिल्या टेकचा शेवट
दुसऱ्याच्या सुरुवातीला जोड.
ब्लेड, खडूची पेन्सिल, चिकटपट्टी.
डोळ्यांत झोप. खूण इकडे केली, कापलं तिकडे.
वीतभर टेप जमिनीवर पडली,
आठातली एक मात्रा गेली.

दुसऱ्या दिवशी लावलं. मी दाराशी, पळायच्या बेतात.
थॅडियस हसायला लागला.
नेरेइदा उभी राहिली, मोज्यांवरच.
"सात! हे आपण कधी वाजवलं?"
प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याला सुचलं.
एवारिस्तोनं जमिनीकडे पाहिलं, मग माझ्या खिशाकडे.
काही बोलला नाही. दांडकी उचलली
आणि त्या खड्ड्यावरून चालत गेला,
जसा जुना भाडेकरू
तुटक्या पायरीच्या जिन्यावरून, न बघता.
त्या रात्री सगळं गाणं पुन्हा वाजवलं, सातात.

बाराशे तबकड्या छापल्या, तीनशे दहा खपल्या.
उरलेल्या लिसान्द्रोच्या बहिणीच्या लाँड्रीखाली,
पाइप फुटेपर्यंत.
एकानं लिहिलं, तिसऱ्या गाण्याची लय गणिती आहे,
बहुधा बल्गेरियातून उचललेली.
ते कात्रण नेरेइदाच्या फ्रिजवर होतं,
नवरा दुसऱ्यांदा गेला तेव्हाही.

एवारिस्तोला पुरलं तेव्हा जमीन इतकी गोठलेली
की कुदळ आधी वाजली, मग रुतली.
थॅडियसनं तिचेही ठोके मोजले. मी पाहिलं.

टेप माझ्याकडे आहे, तंबाखूच्या डब्यात.
वाजवायला यंत्र उरलं नाही.
उजेडात धरली तर नुसता तपकिरी रंग.

परवा नेरेइदाला फोनवर सांगून टाकलं. छत्तीस वर्षांनी.
ती बराच वेळ गप्प. मग टेबलावर तिची बोटं ऐकू आली,
तीन. दोन.
"त्यानं मला त्याच आठवड्यात सांगितलं होतं," ती म्हणाली.
"म्हणाला, पोराला ठेवू दे.
कधीतरी आठ लागतील."

मग विचारलं, तुझ्याकडे बर्फ पडतोय का.